आठ महिने वापरलेली हॅक्सॉ: खरा फरक पानाने आणि ताणाने पडला

दिवाळीनंतर घेतलेल्या हॅक्सॉला, म्हणजे लोखंड कापायच्या हातकरवतीला, आता आठ महिने झाले. तिची दातेरी पाती म्हणजे पान. सोलापुरात आमचा छोटा यंत्रमागाचा कारखाना आहे, तिथे रोज काही ना काही कापावं लागतं. झिजलेला बोल्ट, शाफ्टचा तुकडा, अँगल, नाहीतर गच्चीवरच्या टाकीचा जी.आय. पाइप. जुनी हॅक्सॉ पट्टीची, मागे-पुढे सरकणाऱ्या फ्रेमची होती. ताणायला गेलं की फ्रेमच पीळ खायची. म्हणून या वेळी चौकोनी पाइपची, 12 इंची पानाची पक्की फ्रेम घेतली. ती आजही सरळ आहे.

तरी पहिले दोन आठवडे मी हिलाच दोष देत होतो. इंची पाइप कापताना पान अडकायचं, दात उडायचे. शेवटी आमच्याकडे मागांची दुरुस्ती करणाऱ्या अण्णांनी पानावरचा आकडा वाचला. "मालक, हे अठराचं पान आहे. पाइपला चोवीस लावा की. आणि आधी ताणा, किती ढिलं ठेवलंय!"

अठरा म्हणजे इंचाला 18 दात. कापायच्या जाडीत एका वेळी निदान तीन दात बसले पाहिजेत. 18 च्या पानाला त्यासाठी साधारण 4 मिमी जाडी लागते, 24 ला 3 मिमीच्या थोडं वर. आमच्या पाइपची भिंत तीनच्या आसपास, त्यामुळे 18 चे दात कडेत अडकून तुटत होते. आता भरीव सळईला 18, पाइप-अँगलला 24, पातळ कंड्युटला (वायरिंगच्या नळीला) 32. पत्रा असेल तर लाकडाच्या दोन फळ्यांमध्ये दाबून कापतो.

पान चढवताना दातांचं तोंड पुढे, मुठीपासून लांब. विंग नट (पान ताणायचा, बोटांनी फिरवायचा पंखांचा नट) आवळून पानाला बोटाने टिचकी मारायची. भद्द आवाज आला तर अजून आवळायचं, टणकन वाजलं की झालं. चार-सहा हात मारल्यावर पान गरम होऊन थोडं सैल पडतं, तेव्हा पुन्हा अर्धा फेरा. जोर पुढे जातानाच द्यायचा, मागे घेताना हात हलका. मिनिटाला चाळीस-पन्नास हात पुरे, पण पान पूर्ण लांबीचं फिरवायचं. नाहीतर मधलेच दात झिजतात.

एक चूक महागात पडली. जुनं पान बोथट झालं म्हणून अर्ध्या कापात नवं घातलं. झिजलेल्या पानाची चीर अरुंद असते, नवं त्यात आवळलं आणि तुटलं. बोटाच्या सांध्याची साल गेली. तेव्हापासून काम फिरवून दुसऱ्या बाजूने नवा काप धरतो आणि हातमोजे घालतो. पानंही बायमेटलची, म्हणजे दोन धातू जोडून केलेली, आणतो. महाग आहेत, पण लवचिक असल्याने सहसा तुटत नाहीत आणि दात जास्त दिवस टिकतात.

तक्रारी दोन. विंग नटचे आटे आताच झिजायला लागलेत, त्याला तेलाचा थेंब लागतोच. आणि मुठीवरचं रबर आपल्या मे महिन्याच्या उन्हात सैल होऊन फिरायला लागलं. ते काढून सायकलची जुनी ट्यूब चढवली, पकड आधीपेक्षा चांगली आहे.

घेणार असाल तर दुकानातच पान चढवून पूर्ण ताणायला लावा आणि एक डोळा मिटून वरून बघा. पान आणि फ्रेम एका रेषेत दिसली नाही, तर दुसरी मागा.