फिओ के७ हेडफोन ॲम्प : कूलरच्या घरघरीत ताकद पुरते का?

वैशाखात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि कूलर दिवसरात्र चालू असतो. ओपन-बॅक, म्हणजे मागून उघडे असलेले हेडफोन त्याची घरघर अजिबात अडवत नाहीत. तिच्यावर गाणं चढवायला १० डेसिबल वाढवले, तर ॲम्पला, म्हणजे हेडफोन चालवणाऱ्या यंत्राला, दहापट ताकद लागते. शांत खोलीत पुरून उरणारा ॲम्प इथे त्यामुळेच कमी पडतो. के७ची पारख याच हिशेबाने करायला हवी.

६.३५ मिमी जॅकवर कंपनी ३२ ओहमच्या (ओहम म्हणजे हेडफोनचा विजेला होणारा विरोध) हेडफोनला १२२० आणि ३०० ओहमला १६० मिलिवॅट सांगते. ४.४ मिमी बॅलन्स्डवर (दोन्ही कानांचे मायनस वेगळे ठेवणाऱ्या जॅकवर) हेच आकडे २००० आणि ५६० आहेत. जाहिरातीतल्या २००० वर भुलू नका. हेडफोन ३०० ओहमचा असेल तर तो आकडा तुमच्या कामाचाच नाही.

सेनहायझर एचडी ६०० घ्या : ३०० ओहम, एका व्होल्टला ९७ डेसिबल. सरासरी ८५ डेसिबलने ऐकताना ढोलकीची थाप २० डेसिबल वर उसळते, म्हणजे १०५. त्याला अडीच व्होल्ट, जेमतेम २१ मिलिवॅट लागतात. आता कूलरचे १० मिळवा. ११५ साठी ९७ च्या वर १८ डेसिबल हवेत. दर ६ डेसिबलला व्होल्ट दुप्पट होतात, म्हणून ८ व्होल्ट. व्होल्टचा वर्ग भागिले ओहम केलं की साधारण २१३ मिलिवॅट येतात. ६.३५चा जॅक ६.९ व्होल्टवर थांबतो, त्यामुळे थाप चिरकते. बॅलन्स्ड जवळपास १३ व्होल्ट देतो, तिथे चिंता नाही. मात्र हा हिशेब थोड्या वेळेपुरता. सरासरी ९५ ने तासन्‌तास ऐकलं तर कान जातात. कूलरचा वेग कमी करणं केव्हाही चांगलं.

हायफायमॅन सुंदाराला (३७ ओहम, एका मिलिवॅटला ९४ डेसिबल) ११५ साठी १२६ मिलिवॅट पुरतात, साधा जॅक भरपूर झाला. त्याच कंपनीचा सुस्वारा मात्र वेगळंच प्रकरण आहे : ६० ओहम, मिलिवॅटला ८३ डेसिबल. त्याला १६०० मिलिवॅटच्या आसपास, म्हणजे पावणेदहा व्होल्ट लागतात. साध्या जॅकवर ते शक्यच नाही आणि बॅलन्स्डवरही हाताशी फारसं काही उरत नाही. इतका महाग हेडफोन घेणाऱ्याने के७ घेऊ नये.

गुणगुण ऐकू आली तर लगेच ॲम्पला दोष देऊ नका. लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. आवाज गेला तर घोळ अर्थिंगचा आहे. डेस्कटॉपला ऑप्टिकल केबल जोडली की तो मिटतो, कारण तिच्यातून वीज जातच नाही. दिवे गेल्यावरच गुणगुण येत असेल तर इन्व्हर्टर स्क्वेअर-वेव्ह (गुळगुळीत लहरीऐवजी चौकोनी लहरींची वीज देणारा) आहे का ते तपासा.

ॲम्प कूलरच्या झोतात ठेवू नका, ती हवा दमट असते. ॲडॉप्टर १२ व्होल्ट, २ अँपिअरचा आहे. तो जळाला तर जुना सोबत घेऊनच जळगावच्या गोलाणी मार्केटला जा आणि व्होल्ट, अँपिअर, पिनची जाडी नि प्लस-मायनस चारही जुळवून घ्या.

एचडी ६००ला बॅलन्स्डवर लावायचं तर ४.४ची वेगळी केबल घ्यावी लागते. ४.४च्या भोकातून ६.३५ काढणारा स्वस्त कन्व्हर्टर चुकूनही लावू नका. त्यात दोन्ही बाजूंचे मायनस एकमेकांना चिकटतात आणि ॲम्प जळू शकतो.