ट्रायबल कॉलेजच्या ग्रँटसाठी घेतलेली कम्प्लायन्स सेवा: वर्षभराचा अनुभव

कोल्हापूरच्या एका कॉलेजात मी अकरा वर्षं हिशेब विभागात होते. यूजीसीचं अनुदान, उपयोगिता प्रमाणपत्रं, मार्चअखेरची धावपळ, सगळं केलेलं. गेली सहा वर्षं अमेरिकेत, मोंटाना राज्यातल्या एका ट्रायबल कॉलेजच्या, म्हणजे मूळ अमेरिकन जमातीने चालवलेल्या कॉलेजच्या, बिझनेस ऑफिसात आहे. इकडे लहान कॉलेजांत आणि संस्थांत हिशेब सांभाळणारी आपली बरीच माणसं आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते. सरकारी ग्रँटचा खर्च नियमात बसवायला मदत करणारी कम्प्लायन्स सेवा आम्ही घेतली होती, तिचा हा अनुभव. कंपनीचं नाव देत नाही, कारण कॉलेजची परवानगी घेतलेली नाही. सेवा कशी होती ते मात्र सगळं सांगते.

आधी आमची अडचण सांगते. रिझर्वेशनवरची, म्हणजे जमातीसाठी राखलेल्या प्रदेशातली, बरीच जमीन केंद्र सरकारच्या ट्रस्टमध्ये (जमातीच्या वतीने सरकारच्या नावावर) असते, तिच्यावर मालमत्ता कर लागत नाही. इतर कम्युनिटी कॉलेजांना स्थानिक करातून जो आधार मिळतो, तो आम्हाला नाही. ट्रायबल कॉलेजांसाठीच्या १९७८ च्या कायद्याने दर विद्यार्थ्यामागे पैसे मिळतात, पण मोजले जातात ते फक्त जमातीचे नोंदणीकृत सदस्य आणि त्यांची मुलं. शेजारच्या गावातला गोरा मुलगा वर्गात बसतो, आम्ही त्याला आनंदाने शिकवतो, पण त्या मोजणीत तो नसतो. म्हणून उरलेलं बहुतेक फेडरल ग्रँटवर, म्हणजे केंद्र सरकारच्या अनुदानांवर, चालतं. ऑडिटरने एखादा खर्च अमान्य केला आणि पैसे परत करायची वेळ आली, तर ते दुसऱ्या ग्रँटमधून देता येत नाहीत. कॉलेजच्या स्वतःच्या तुटपुंज्या शिलकीतून जातात. त्याच शिलकीतून हिवाळ्यात अडलेल्या विद्यार्थ्याला पेट्रोलला पैसे दिले जातात.

२०२४ च्या ऑक्टोबरात आम्ही ही सेवा घेतली. वर्षाचे साडेनऊ हजार डॉलर. तेव्हा १० हजारांच्या आतल्या खरेदीला भाव मागवण्याची सक्ती नव्हती, तरी आम्ही तीन कोटेशन घेतली. पैशात दोन गोष्टी होत्या: ऑनलाइन तक्ते आणि नमुने, आणि सल्लागाराची दोन दिवसांची भेट.

ऑनलाइन भागाने निराशा केली. त्याच महिन्याच्या १ तारखेपासून युनिफॉर्म गायडन्सचे, म्हणजे फेडरल ग्रँटच्या खर्चाच्या सामाईक नियमावलीचे, सुधारित नियम लागू झाले होते, तरी तक्त्यांत जुनेच आकडे. वर्षाला किती फेडरल पैसा खर्च केला की सिंगल ऑडिट (सगळ्या ग्रँटचं एकत्र ऑडिट) सक्तीचं होतं, ती मर्यादा साडेसात लाख डॉलर लिहिलेली, जी नव्या आर्थिक वर्षांसाठी १० लाख झाली आहे. इनडायरेक्ट कॉस्टचा, म्हणजे वीज, ऑफिस अशा सामाईक खर्चापोटी ग्रँटला लावायचा, ठरावीक दर १० टक्के, तो आता १५ पर्यंत आहे. एखादी वस्तू इक्विपमेंट धरायची ती ५ हजार डॉलरपासून, ते आता १० हजारांपासून. शिवाय जुन्या ग्रँटना जुन्या अटी आणि नव्यांना नव्या, असं दोन्ही बरोबर चालणार, हे कुठेच म्हटलेलं नव्हतं. आम्ही कळवलं, दुरुस्ती यायला सात आठवडे लागले. जोखीम टाळायला घेतलेल्या तक्त्यानेच चूक करायला लावली असती, हे मला अजून पचलेलं नाही. आणखी एक. खरेदीची मागणी, मंजुरी, ऑर्डर, माल ताब्यात घेणं आणि पैसे देणं या पाच कामांना पाच वेगळी माणसं दाखवा, असा त्यांचा नमुना. आमच्या ऑफिसात मी, बिझनेस मॅनेजर बाई आणि एक अर्धवेळ मुलगा.

मग फेब्रुवारीत सल्लागार स्वतः आले. बाहेर उणे २५, आणि इथून पुढे मत बदललं.

त्यांनी पहिला दिवस फक्त व्हाउचर आणि टाइमशीट (कुणी कुठल्या कामाला किती वेळ दिला त्याच्या नोंदी) वाचले. आमच्या जीवशास्त्राच्या शिक्षिकेचा पगार दोन ग्रँटमधून, ६०-४०. तिचा प्रत्येक टाइमशीट बरोबर ६०-४०. ती दोन आठवडे सलग नदीचे पाण्याचे नमुने गोळा करत होती, ते काम एकाच ग्रँटचं, तेव्हाही ६०-४०. बजेटमधला आकडा तात्पुरता धरता येतो, पण शेवटी प्रत्यक्ष कामाशी जुळवावा लागतो. तो आम्ही कधी जुळवलाच नव्हता. कुणी फसवलेलं नव्हतं, पण ऑडिटरला कागदच दिसतो. आता दर महिन्याला मी तिच्याशेजारी बसून कामाच्या डायरीवरून आकडे बसवते.

दुसऱ्या दिवशी वाद झाला. एका कार्यक्रमात विद्यार्थ्यांना जमातीची भाषा शिकवायला जमातीतल्या ज्येष्ठांना बोलावलं होतं. त्यांना जेवण, मानधन, कांबळं आणि तंबाखू दिली होती. सल्लागारांनी जेवणावर ग्रँटला न चालणारी 'करमणूक' म्हणून रेघ मारली आणि भेटवस्तूंवरही. आमच्या बिझनेस मॅनेजर बाई याच जमातीच्या, साठीच्या. त्या शांतपणे म्हणाल्या, ज्येष्ठांकडून काही शिकायला मागायचं तर आधी तंबाखू पुढे करायची, ती इथली रीत आहे, तिच्याशिवाय शिकवणं सुरूच होत नाही. सल्लागारांनी लेखणी खाली ठेवली आणि ऐकलं. मग तिघांनी मिळून वाट काढली. मानधनाला विषय, तास आणि तारीख लिहिलेला छोटा करार. जेवणाचा शिकवण्याशी थेट संबंध काय तो पुढच्या अर्जातच लिहून बजेटमध्ये मंजूर करून घ्यायचा. तंबाखू आणि कांबळं कॉलेजच्या स्वतःच्या पैशातून, ग्रँटला हात न लावता. ही एक दुपार मला साडेनऊ हजारांतली सगळ्यात मोलाची वाटते.

आमच्या दोघींच्या ऑफिसात पाच माणसं कुठून आणायची, याचंही उत्तर मिळालं. बँकेचं स्टेटमेंट आता विद्यार्थी विभागाच्या डीन स्वतः उघडतात, तपासतात, सही करतात आणि मग आमच्याकडे देतात. जर्नल एन्ट्री दर तिमाहीला संचालक मंडळाचे खजिनदार बघतात. नवा माणूस नेमावा लागला नाही.

इक्विपमेंटची प्रत्यक्ष मोजणी दोन वर्षांतून एकदा हवी. त्यासाठी त्यांनी सॉफ्टवेअर सुचवलं, ते मी घेऊ दिलं नाही. आपल्याकडच्या डेड स्टॉक रजिस्टरसारखी वही आखली: वस्तू, अनुक्रमांक, कुठल्या ग्रँटमधून घेतली, कुठल्या खोलीत आहे, स्थिती काय. त्यांनी तिचा फोटो काढून नेला.

आमचं वर्ष ३० जूनला संपतं, म्हणजे ऑडिट जास्तीत जास्त ३१ मार्चपर्यंत जमा व्हायला हवं. यंदा ऑडिटर आले तेव्हा त्यांनी सगळ्यात आधी टाइमशीट मागितले. डायरीसकट फाइल पुढे ठेवली.

ऑनलाइन तक्त्यांना मी पाचातला दीड तारा देईन. भेटीला पाच. पुढच्या वर्षी आम्ही फक्त भेट मागितली आहे, त्यांनी किंमत कमी करून साडेचार हजारांत मान्य केली. आणि या वेळी सप्टेंबरातच या असं बाईंनी त्यांना कळवलंय, ज्येष्ठांचा वर्ग तेव्हा भरतो, तो त्यांनी एकदा पाहावा म्हणून.