दोन वळशांत जुळणारी क्यू आणि नाशिकमध्ये न मिळणारा बुश

माझी पूल खेळायची क्यू, म्हणजे दोन भाग जोडून होणारी काठी, चांगली आहे, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचून वाटेल की मी ती बंबात घातली. शाफ्ट, म्हणजे पुढचा अर्धा, अजून सरळ आहे, टेबलावर लोळवला तर टोक उड्या मारत नाही. १४,५०० रुपयांत लो-डिफ्लेक्शन (कडेने मारलं तरी चेंडू कमी भरकटवणारा) शाफ्ट मिळाला, त्याबद्दल कुरकुर करणं शोभणार नाही. टिप (टोकाची चामड्याची टोपी) लगेच बदलली, ती सगळेच बदलतात. रॅप, फिनिश, वजन यांवर लिहिण्यासारखं काही नाही. लिहायचंय ते फक्त जॉइंटच्या पिनवर, म्हणजे क्यूचे दोन अर्धे जोडणाऱ्या स्क्रूवर.

कंपनीचं नाव टाकत नाही, भांडण अजून मिटलेलं नाही.

पिन कंपनीची स्वतःची, क्विक-रिलीज. टोकाकडचा अर्धा भाग गुळगुळीत, आटे फक्त मुळाशी. शाफ्ट घालायचा, दोन वळसे, काम झालं. बाजूचा माणूस शाफ्ट फिरवतच बसलेला असतो तोवर आपण खडू लावून उभे. सुरुवातीचे काही महिने मी हे येईल त्याला दाखवत होतो, आणि दाखवण्यासारखं ते होतंही.

मग पावसाळा आला. गंगापूर रोडच्या पार्लरमध्ये ब्रेक (डावाचा पहिला जोरदार फटका) मारला आणि हातात कट्ट झालं. डाव संपवून क्यू सोडायला गेलो तर शाफ्ट गोल गोल फिरतोय, पण सुटत नाही. ज्यांना हे झालेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: पिन बटमध्ये, म्हणजे मागच्या अर्ध्यात, असते आणि शाफ्टच्या तोंडात पितळी बुश चिकटवलेला असतो. दमट हवेत शाफ्टचं मेपल लाकूड फुगतं, कोरड्या हवेत आकसतं, पितळ तसंच राहतं. त्यात दर वेळी जोडताना-सोडताना सगळा पीळ त्या गोंदावरच येतो. गोंद सुटला की बुश पिनला धरून राहतो आणि लाकूड त्याच्याभोवती फिरतं. क्यूची रिकामी पेटी हातात आणि ५८ इंचांची अखंड क्यू ॲक्टिव्हावर आडवी धरून पावसात कॉलेज रोडने घरी आलो. सिग्नलला एका रिक्षावाल्याने विचारलं, पडद्याचा रॉड केवढ्याला घेतला.

शाफ्ट घरी ओढून काढला. दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "सर, बुश सुटा येत नाही, शाफ्ट घ्या." शाफ्ट किती? ११,०००, वर कुरिअर, आणि माल आला तर. वॉरंटी? वॉरंटी शाफ्ट वाकण्यावर आहे, जॉइंटवर नाही. मी म्हटलं, अहो, पितळेचा बोटाच्या पेराएवढा तुकडा आहे तो. तर म्हणे, "कंपनीचं पेटंट आहे सर." पेटंट असलं म्हणजे सुटा भाग विकायचा नाही, असा नियम मला तरी माहीत नाही. त्यानंतर मेसेजवर दोन निळ्या टिका येतात, उत्तर येत नाही.

इथे माझं डोकं फिरलं आणि मी पिनांच्या मागेच लागलो. सर्वात साधी ५/१६-१८, म्हणजे पाव इंचाहून थोडी जाड (७.९४ मिमी) आणि इंचाला १८ आटे. मग ५/१६-१४, अमेरिकेतला क्यू-कारागीर जॉर्ज बालाबुश्का याच्या स्टीलच्या जॉइंटमुळे नावारूपाला आलेली. ३/८-१० जाड आणि खोल आट्यांची, तिला बुशच लागत नाही, आटे थेट लाकडात पाडतात. रेडियल पिनच्या आट्यांचा तळ गोल असतो, इंचाला ८. मग कंपन्यांच्या: क्यूटेकची ३/८-१४, मेझची स्वतःची वेव्ही, प्रिडेटर आणि लुकासीच्या बऱ्याच क्यूंवर युनी-लॉक. यातली एक दुसऱ्यात जात नाही. व्यासाने जवळ असतात म्हणून कोणी जोर लावून घुसवली, तर बुशाचे आटे गेलेच समजा.

तोवरचं माझं ठाम मत असं होतं की स्वतःची पिन बनवणारी कंपनी म्हणजे गिऱ्हाइकाला दावणीला बांधणारी कंपनी. हे मत मी पार्लरमध्ये मोठ्या आवाजात मांडत असे.

दुरुस्तीकडे येतो. आधी बुश अ‍ॅरल्डाइटने परत बसवला. काही आठवडे टिकला, पुन्हा सुटला, कारण बुशाची बाहेरची बाजू कंपनीने आरशासारखी गुळगुळीत ठेवली आहे, गोंदाने धरायचं कशाला? तेव्हा ठरवलं की पिनच बदलायची. ३/८-१० किंवा रेडियल घ्यायची इच्छा होती, पण त्यांचे टॅप (आतून आटे पाडायचं हत्यार) इथल्या टूल्सच्या दुकानात मिळत नाहीत. ५/१६-१८ हा मात्र साधा यूएनसी (अमेरिकन मापाचा) आटा, कुठल्याही टूल्सवाल्याकडे असतो. निवड खिशाने केली, खेळाने नाही.

पहिल्या लेथवाल्याने क्यू हातात घेऊन परत दिली. बटचं मागचं टोक सव्वा इंच जाड असतं आणि ते लेथच्या फिरत्या स्पिंडलच्या भोकातून आरपार गेलं पाहिजे. त्याचं भोक लहान होतं. सातपूर एमआयडीसीतल्या दुसऱ्या गाळ्यात एक काका भेटले. त्यांनी क्यू आधी डोळ्यासमोर धरून लांबून पाहिली, मग विचारलं, "भाऊ, ही काठी केवढ्याची?" मी सांगितलं. काही बोलले नाहीत, पण चष्मा बदलला.

जुनी पिन काढताना गंमत झाली. एरवी पिनवर दोन नट एकमेकांवर आवळतात आणि पान्याने फिरवतात. या आट्याचा नटच जगात कुठे मिळत नाही. काकांनी तापलेलं सोल्डरिंग आयर्न पिनला लावून ठेवलं, गोंद मऊ पडायची वाट पाहिली, आणि पिनेचं ते गुळगुळीत टोक ड्रिल चकमध्ये पकडून हळूहळू बाहेर काढलं. कंपनीने जो भाग मिरवायला दिला होता तोच पिन उपटायच्या कामी आला.

पुढचं काम मी स्टुलावर बसून पाहिलं. दुसऱ्या एका जुन्या मोडक्या शाफ्टचं मेपल मी नेलं होतं, त्याची खुंटी करून भोक बुजवलं. बटला टेप गुंडाळला, चार जबड्यांच्या चकमध्ये पितळी पट्टी घालून धरला आणि तो मधोमध फिरतो का हे दाखवणारा डायल लावला. काटा थरथरतोय तोवर काका एकेक जबडा इवलासा सैल, इवलासा घट्ट करत राहिले. मला वाटलं आता भोक मारतील. त्यांनी ड्रिल थोडंसंच आत घातलं आणि बाकीचं बोरिंग टूलने घेतलं. का विचारलं तर म्हणाले, "ड्रिल लाकडाच्या रेषेमागं जातं. टूल आपण नेऊ तिकडंच जातं."

आट्यांवर मात्र अडलं. त्यांच्या खणात ५/१६ चा व्हिटवर्थ (जुन्या ब्रिटिश मापाचा) टॅप होता. त्यालाही इंचाला १८ आटे. मी म्हटलं झालं की काम. काकांनी माझी ऑनलाइन मागवलेली पिन पिच गेजच्या (आटे मोजायच्या दातेरी पट्ट्यांच्या) व्हिटवर्थ पात्याला लावून खिडकीकडे धरली. पातं बसलं, पण कडेने उजेडाची बारीक रेघ दिसत होती. व्हिटवर्थचा कोन ५५ अंश, यूएनसीचा ६०. "जाईल आत, पण आट्याच्या पोटाला लागणार नाही. ब्रेक माराल तेव्हा पुन्हा याल माझ्याकडं." यूएनसी टॅप सातपुरातच मिळाला. शाफ्टसाठी बुश त्यांनी पितळी सळईतून काढला, बाहेरून गोल चऱ्या पाडल्या आणि चोवीस तास लागणारं अ‍ॅरल्डाइट भरून ठेवून दिला. पाच मिनिटांत धरणारं वापरू दिलं नाही. टॅप, पिन, मजुरी धरून १,८०० रुपये.

आता नव्या पिनचा अनुभव. जोडताना दहा-बारा वळसे घालावे लागतात, आणि हो, कंटाळा येतो. हिटमध्ये, म्हणजे फटका हाताला जाणवतो त्यात, मला फरक कळत नाही. स्टीलच्या जॉइंटचा फील, लाकडाचा फील यावर लोक तासभर बोलतात, पण निम्म्याहून जास्त फील टिपचा असतो असं माझं मत झालंय. डिफ्लेक्शन तर शाफ्टच्या पुढच्या काही इंचांच्या वजनावर ठरतं, तिथून जॉइंट फार लांब. जॉइंट ढिला पडलेला नाही, बुश जागचा हललेला नाही.

आता तुम्ही म्हणाल, सुटला बिचारा. मीही तसंच समजून चाललो होतो. स्टँडर्ड पिन आहे म्हणून दुसऱ्या कंपनीचा जुना शाफ्ट २,५०० ला घेतला, ५/१६-१८ विचारून, खात्री करून. घरी येऊन फिरवला, आटे लोण्यासारखे बसले आणि शेवटी फट राहिली. तो शाफ्ट पायलटेड निघाला, म्हणजे त्याचा बुश तोंडातून थोडा बाहेर असतो आणि बटच्या कॉलरमध्ये (जॉइंटच्या तोंडाच्या कड्यात) त्याच्यासाठी खड्डा लागतो. माझा जॉइंट सपाट. काकांनी ते नाक छाटून दिलं, तर कॉलरचा व्यास जुळेना. सांध्यावरून नख फिरवलं की अडकतं. खेळताना फरक पडत नाही, पण नख जातंच तिथे.

त्यामुळे जुनं मत थोडं मागे घेतो. स्वतःची पिन असणं हा गुन्हा नाही. युनी-लॉकही मालकीचीच आहे, पण इतक्या क्यूंवर आहे की भाग मिळतात, आणि प्रिडेटरच्या रेव्होसारखे कार्बन शाफ्ट मागवताना तर जॉइंट कोणता हवा ते विचारतात. माझ्या कंपनीचा दोष पिनेत नव्हता, बुशाच्या गुळगुळीत पाठीत होता आणि तो बुश सुटा न विकण्यात होता. दुकानदाराबद्दलचं मत कायम आहे.

नवी क्यू घेणार असाल तर "स्टँडर्ड आहे सर" यावर फोन ठेवू नका. व्यास, इंचाला आटे, सपाट की पायलटेड, कॉलर किती मिलीमीटर, एवढं विचारा. आणि बुश सुटा मिळतो का, हे पैसे देण्याआधी मेसेजवर लिहून घ्या.

जुनी पिन, तिचा बुश आणि दोन्ही जॉइंट प्रोटेक्टर (जॉइंटवर लावायची टोपणं) माझ्याकडे पडून आहेत. कोणाकडे तीच क्यू असेल तर ३०० रुपयांत देईन. बुश बसवण्याआधी बाहेरून चऱ्या पाडून घ्या. कुरिअर करणार नाही, पार्लरमध्ये येऊन घ्या.