कूलरच्या घरघरीतला हेडफोन

सोनीचा एमडीआर-७५०६ हा हेडफोन १९९१ पासून बाजारात असून ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओंमध्ये तो आजही दिसतो. तो घेण्यापूर्वी मी महिनाभर परीक्षणे वाचली. बहुतेकांचे म्हणणे असे की, याचे वरचे स्वर तीक्ष्ण आहेत आणि निवांत ऐकायचे असेल तर ओपन-बॅक, म्हणजे कानावरच्या कपांची बाहेरची बाजू उघडी असलेला, हेडफोनच घ्यावा. सल्ला चुकीचा नाही; परंतु परभणीत उन्हाळ्यात पारा ४२ अंशांपलीकडे जातो, कूलर दिवसभर चालतो आणि ओपन-बॅकमधून त्याची घरघर तानपुऱ्याच्या बरोबरीने कानात शिरते. शिवाय त्या प्रकारातल्या सेन्हायझर एचडी ६०० चा इम्पिडन्स (विद्युतप्रवाहाला होणारा अडथळा) ३०० ओहम असल्याने त्याला वेगळा अॅम्प्लिफायर जोडलेला बरा, तर ७५०६ चा ६३ ओहमच असल्याने तो साध्या फोनवरही खणखणीत वाजतो.

तीक्ष्णतेबद्दल परीक्षकांचे म्हणणे मात्र खरे निघाले. वारकरी कीर्तनात टाळांचा गजर चढला की पाव तासात कान शिणतात. तोच स्वभाव तानपुऱ्याची जवारी (तारांची झणझणती गुंज), तबल्याच्या चाटेवरचा, म्हणजे कडेवरचा, बोल आणि गोंधळातल्या संबळावर पडणारी काडी इतकी लख्ख दाखवतो की, माझ्यासारख्या मैफली ऐकणाऱ्याला तो दोष वाटतच नाही. संबळ पोटात घुमावा अशी ज्याची आवड आहे, त्याला हाच हेडफोन कोरडा वाटेल. म्हणून परीक्षकाने दिलेल्या गुणांपेक्षा तो ऐकतो काय, हे मी आधी पाहतो; इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीतावर बेतलेले मत माझ्या फारसे कामाचे नसते.

छत्रपती संभाजीनगरच्या एका दुकानात खोके उघडून ऐकवायला नकार मिळाला, तेव्हा एका परिचिताच्या स्टुडिओत मी ओळखीची तीन ध्वनिमुद्रणे दोन हेडफोनांवर आलटूनपालटून ऐकली. दोन्हींचा आवाज आधी सारखा करून घेतला, कारण किंचित मोठा वाजणारा हेडफोन उगीचच सरस वाटतो.

गुंडाळीची वायर ताणल्यावर सुमारे ३ मीटर भरते, पण ती काढता येत नाही आणि खाटेवर आडवे होऊन ऐकताना तिचे ओझे मानेला जाणवते. मे महिन्यातल्या दुपारी कानांवरच्या गाद्या अर्ध्या तासात घामाने ओल्या होतात. सध्या मी जवळ एक सुती रुमाल ठेवतो.