नियतकालिकाची वाढ मोजायला इम्पॅक्ट फॅक्टर की एच-५?

जळगाव-धुळ्याकडचं, केळी-कापसावरचं संशोधन छापणारं नियतकालिक वाढतंय का, हे कशावरून ठरवायचं? इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे आधीच्या दोन वर्षांतल्या लेखांना यंदा मिळालेली सायटेशन्स (म्हणजे इतर लेखांनी दिलेले त्यांचे संदर्भ) भागिले त्या लेखांची संख्या. अडचण इथेच आहे. केळीच्या लागवडीपासून काढणीपर्यंतच जवळपास वर्ष जातं. कुणी लेख वाचून प्रयोग लावेपर्यंत, मग निष्कर्ष छापेपर्यंत दोन वर्षांची मुदत उलटून जाते. शिवाय ही सरासरी. 'अ‍ॅक्टा क्रिस्टलोग्राफिका ए' या स्फटिकशास्त्राच्या नियतकालिकाचा आकडा २००९ साली सुमारे २ वरून जवळपास ५० वर गेला, तो मुख्यतः २००८ च्या एकाच लेखामुळे! बाकीचे लेख होते तसेच होते.

एच-५ हा दुसरा निर्देशांक गेल्या पाच वर्षांतले लेख बघतो. निदान २० सायटेशन्स मिळालेले लेख २० भरले, पण २१ ला २१ जमलं नाही, तर तो २०. एकटा लेख त्याला फुगवू शकत नाही. मात्र जास्त लेख छापणाऱ्यांना तो झुकतं माप देतो, आणि पाच वर्षांत १०० हून कमी लेख असतील तर गूगल स्कॉलर (गूगलची संशोधनलेख शोधायची सेवा) त्या नियतकालिकाला एच-५ च्या यादीत घेत नाही. तरी हाताने, फुकट मोजता येतो.

खानदेशातल्या लहान संपादक मंडळाने एच-५च धरावा. सोबत एकही सायटेशन न मिळालेले लेख दरवर्षी कमी होताहेत का, तेही पाहावं.