मौन रिट्रीट: विश्वास डळमळलेल्या ख्रिस्ती माणसाने जावं का? (माझा अनुभव)

आधीच सांगते, सुट्टीत दोन दिवस शांत जागा हवी म्हणून शोधणाऱ्यांसाठी हा रिव्ह्यू नाही. रविवारी उपासनेत विश्वासांगीकार, म्हणजे सगळ्यांनी मिळून म्हणायची विश्वासाची कबुली, म्हणताना "मी विश्वास ठेवतो" इथेच ज्याची जीभ अडखळते, आणि तरी चर्च सोडवतही नाही, अशा माणसासाठी लिहितेय. मी नगरकडची, आमचं घर अमेरिकन मराठी मिशनच्या काळापासूनचं प्रॉटेस्टंट, आणि मी गेले ते येशूसंघाच्या म्हणजे जेज्विट या कॅथलिक संघाच्या फादरांच्या रिट्रीट हाऊसला. तिथलं नाव लिहीत नाही कारण त्यांची बरीच केंद्रं साधारण हीच पद्धत वापरतात आणि मला बोलायचंय ते पद्धतीबद्दल, बिल्डिंगबद्दल नाही.

का गेले ते थोडक्यात. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत माझा मावसभाऊ गेला. त्याच्यासाठी साखळी प्रार्थना चालू होती, रात्री दोन ते तीन कोण, तीन ते चार कोण असा तक्ता व्हॉट्सॲपवर फिरत होता, लोक खरंच उठून गुडघ्यावर बसत होते. तो गेल्यावर त्याच ग्रुपवर "देवाची योजना" असे मेसेज आले आणि माझ्या आत काहीतरी बंदच पडलं. एका पाळक साहेबांशी बोलले तर ते म्हणाले संशय हे सैतानाचं काम आहे, उपास करा. केले. प्रश्न होते तिथेच राहिले, वर अपराधीपण आलं ते वेगळंच. आईला सांगायची सोय नव्हती, तिचा सगळा आधारच देव.

तर ही सर्व्हिस नक्की काय आहे. संत इग्नेशियस लोयोला (१४९१ ते १५५६) यांनी बसवलेली आत्मिक साधना आहे, १५४८ मध्ये ती पहिल्यांदा छापली गेली. पूर्ण साधना साधारण तीस दिवसांची असते, पण आपल्यासारख्या नोकरीवाल्यांसाठी तीन दिवसांची आणि आठ दिवसांची करतात. मी छोटी केली. दिवसभर मौन, जेवतानाही. फोन ऑफिसात जमा केला तरी चालतो, नाही केला तरी कोणी मागत नाही. बायबलमधला एखादा उतारा देतात, तो घेऊन तासभर बसायचं, असं दिवसातून तीन-चारदा, आणि रोज एकदा मार्गदर्शकाला भेटायचं. माझ्या मार्गदर्शक एक सिस्टर, म्हणजे नन, होत्या. बास, एवढंच. ना प्रवचनांचा मारा, ना रडारड, ना स्टेजवर बोलावून डोक्यावर हात ठेवणं. आमच्याकडच्या जागृती सभा पाहिलेल्या माणसाला हे सुरुवातीला फारच कोरडं वाटतं, मलाही वाटलं.

खरी किंमत त्या रोजच्या भेटीची आहे. पहिल्याच भेटीत मी सगळं सांगून टाकलं, देव आहे की नाही हेच कळत नाही म्हणून, आणि मनात तयारी ठेवली होती की आता समजावणं सुरू होणार. सिस्टर ऐकत होत्या, मध्ये एक शब्द नाही. मग विचारलं, "तुम्ही हे देवाला सांगितलंय का?" मी म्हटलं, सिस्टर, तो असेल तर ना सांगणार. त्या म्हणाल्या, "बरं. मग नसेल असं धरूनच सांगा, पण याच शब्दांत सांगा, सभ्य करू नका." आणि स्तोत्र ८८ काढून दिलं.

मी लहानपणापासून संडे स्कूलमध्ये वाढलेली, स्तोत्र २३ झोपेत म्हणेन, पण ८८ माझ्यासमोर कोणी कधी वाचलेलं मला आठवत नाही. बाकीच्या बहुतेक तक्रारीच्या स्तोत्रांत शेवटी कुठेतरी वळण येतं, "तरी मी परमेश्वराचे स्तवन करीन" वगैरे. यात येतच नाही. माणूस रात्रंदिवस हाका मारतो, विचारतो की तू तोंड का लपवतोस, आणि शेवट अंधारावर होतो, पुढे काही नाही. त्या खोलीत एक टेबल, एक खुर्ची, भिंतीवर साधा लाकडी क्रूस आणि खिडकीबाहेर चिकूची झाडं, तिथे बसून मी ते मोठ्याने वाचलं आणि भाऊ गेल्यानंतर पहिल्यांदा मला राग आला, नीट राग, कोणावर तरी असलेला. हे स्तोत्र ज्यांनी पवित्र शास्त्रात ठेवलं त्यांना काही झाकायचं नव्हतं, हा विचार तिथेच आला. आता कोणी मला संशय म्हणजे सैतान असं सांगितलं तर मी त्यांना आधी हे वाचा म्हणणार आहे.

दुसऱ्या दिवशी थोमा दिला, येशू मेलेल्यांतून उठला यावर विश्वास न ठेवणारा त्याचा शिष्य, योहानाच्या शुभवर्तमानाचा अध्याय २०. इग्नेशियसच्या पद्धतीत प्रसंग डोळ्यासमोर उभा करायचा असतो, कोण कुठे बसलंय, दार कसं आहे, कोण काय बोलतंय. तसं करत बसले तेव्हा एक गोष्ट लक्षात आली जी इतक्या प्रवचनांत कोणी बोललं नव्हतं. थोमा म्हणतो की खिळ्यांचे व्रण पाहिल्याशिवाय मी विश्वास ठेवणारच नाही, आणि येशू पुन्हा येतो तो आठ दिवसांनी. मधले आठ दिवस थोमा कुठे होता? त्यांच्यातच होता! बाकीचे सगळे "आम्ही प्रभूला पाहिलं" म्हणणारे, हा एकटा नाही म्हणणारा, तरी त्याला कोणी बाहेर काढलं नाही आणि तोही उठून गेला नाही. आपण थोमाला अविश्वासू म्हणून नावं ठेवतो पण त्या आठ दिवसांबद्दल कोणी बोलत नाही, आणि माझ्यासारख्यांचं सगळं आयुष्य त्या आठ दिवसांतच चाललंय.

सिस्टरांनी इग्नेशियसचा एक नियमही सांगितला, तो व्यवहारात फार उपयोगी आहे. मन कोरडं पडलेलं असतं, प्रार्थनेत काही लागत नाही, तेव्हा आधी केलेला निश्चय बदलायचा नाही. म्हणजे चर्च सोडायचं असेल तर सोडा, पण अशा अंधारात असताना ठरवू नका. आणि हे सांगणारा इग्नेशियस स्वतः स्पेनमधल्या मानरेसाला अपराधाच्या विचारांनी इतका खचला होता की जीव द्यायचे विचार त्याच्या मनात येत होते, हे ऐकल्यावर तो नियम मला कोरा उपदेश वाटला नाही.

तिथल्या लायब्ररीत पंडिता रमाबाईंचा पत्रव्यवहार होता, १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने छापलेला. आमच्या घरी रमाबाई म्हणजे केडगावचं मुक्ती मिशन आणि बायबलचं भाषांतर, फोटोतल्या थोर बाई. पत्रांतल्या रमाबाई वेगळ्याच आहेत. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा झाला आणि त्यानंतर त्या तिथल्या नन सिस्टर जेराल्डीनशी त्रैक्यावरून (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव), ख्रिस्ताच्या देवत्वावरून वाद घालतायत, चर्च सांगतं म्हणून मानायला साफ नकार देतायत. एका पुरोहितांच्या जोखडातून सुटून दुसऱ्याच्या जोखडाखाली जाणार नाही ही त्यांची भूमिका. बाप्तिस्म्यानंतर बरीच वर्षं गेल्यावर त्यांना ख्रिस्त खऱ्या अर्थाने भेटला असं त्या स्वतःच पुढे सांगतात. आणि याच बाईंनी नंतर हिब्रू-ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं, १९२२ मध्ये वारल्या तोवर ते काम चालू होतं. आमच्या चर्चमध्ये त्यांची जयंती होते, भाषणं होतात, पण त्यांनी प्रश्न विचारले हे कोणी मुलांना सांगत नाही. सांगायला पाहिजे, फार पाहिजे.

आता न पटलेलं. एक, मराठीत मार्गदर्शन मिळणं अवघड. हँडआउट इंग्रजीत, लायब्ररी बहुतेक इंग्रजीत. मला चाललं, पण आमच्या गावाकडच्या एखाद्या मावशीला हेच प्रश्न पडले असतील, आणि पडतातच, तर तिने कुठे जायचं? विनोबा-तुकाराम वाचलेल्या समाजात ख्रिस्ती माणसाला आपल्या शंका आपल्या भाषेत बोलायला जागा नसावी याचं मला खरंच वाईट वाटतं. दोन, रोज मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासना, असते, बंधन नाही, पण प्रॉटेस्टंट माणसाला तिथला ख्रिस्तप्रसाद, म्हणजे पवित्र भाकर, घेता येत नाही. सगळे उठून पुढे जातात आणि आपण बाकावर, ते लागतं मनाला. तीन, तुमचे प्रश्न विज्ञान, इतिहास, शुभवर्तमानं कधी लिहिली गेली या प्रकारचे असतील तर इथे त्यांची उत्तरं मिळणार नाहीत, त्यासाठी सेमिनरीत शिकवणाऱ्या कोणाला तरी गाठा. आणि झोप उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल तर आधी डॉक्टर. हे सिस्टरांनीही पहिल्याच भेटीत विचारून घेतलं, ते मला फार आवडलं.

जेवण साधं, वरण-भात-भाजी-पोळी, संध्याकाळी चहासोबत टोस्ट. खोल्या स्वच्छ. पैसे परवडण्यासारखे, ज्यांना जमत नाही त्यांच्याकडून जमेल तेवढेच घेतात.

माझा विश्वास परत आला का, असं बहिणीने विचारलं. तसं झालेलं नाही. भाऊ का गेला ते अजून कळलेलं नाही, "देवाची योजना" हे शब्द अजूनही सहन होत नाहीत. पण मी प्रार्थना करते, भांडते म्हटलं तरी चालेल, आणि मार्कच्या शुभवर्तमानातल्या ९व्या अध्यायातला तो आजारी मुलाचा बाप जे म्हणतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा, ते वाक्य मला आता पूर्ण म्हणता येतं. विश्वासांगीकारात अजून मध्येच थांबते. शेजारी आई असते, ती तिचा आवाज थोडा वाढवते.

पाचपैकी चार स्टार, एक मराठीसाठी कापला. जाणार असाल तर उपवासकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या दिवसांत, जागा लवकर भरतात, आधी फोन करा, मार्गदर्शक मराठी बोलणारे हवेत हे बुकिंगच्या वेळीच स्पष्ट सांगा आणि स्वतःचं मराठी बायबल घेऊन जा. रजा मिळत नसेल तर घरी राहून रोज थोडा वेळ करायचा प्रकारही इग्नेशियसनेच सांगून ठेवलाय, त्यात आठवड्यातून एकदा वगैरे मार्गदर्शकाला भेटायचं असतं, त्याचीही चौकशी करा.