कॉर्सेट ब्लाऊजचा कच्चा नमुना: मांजरपाट पास, प्लास्टिक बोन नापास

आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आगेमागे लगीनसराई सुरू झाली की कॉर्सेट ब्लाऊजची, म्हणजे आत ताठ पट्ट्या घालून कमरेत आवळून बसवलेल्या ब्लाऊजची, मागणी वाढते, आणि शिवणकामात नव्या असलेल्या मुली थेट सॅटिनलाच कात्री लावतात. साधं ब्लाऊज अंगाला थोडं सैल असतं, त्यामुळे अर्ध्या इंचाची चूक त्यात खपून जाते. कॉर्सेट कमरेला अंगापेक्षा निदान 2 इंच कमी कापतात, तिथे काहीच खपत नाही. म्हणून आधी साध्या कापडाचा, फक्त माप पाहण्यापुरता कच्चा नमुना शिवायचा. त्यासाठी बाजारात मिळणारं कोणतं सामान घ्यावं, ते इथे सांगतो.

कापड मांजरपाटच घ्या. जळगावचं फुले मार्केट असो की धुळ्याचं पाचकंदील, तो सहज मिळतो. 36 इंच पन्ह्याच्या दीड मीटरात 10 पॅनलचे (उभ्या तुकड्यांचे) दोन नमुने निघतात, आणि दुसरा बहुधा लागतोच. घेताना कापड चिमटीत चोळा. पांढरी भुकटी झडली तर खळ भरपूर आहे. असं कापड कोरंच वापरलं की सुरुवातीला छान ताठ बसतं, पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात पंधरा मिनिटांत घामानं खळ मऊ पडते आणि नमुना ढिला होतो. शिकाऊ हात मग कमरेत दाबत जातो आणि खरा कॉर्सेट श्वास घेता येणार नाही इतका घट्ट होतो. म्हणून कापड आधी धुऊन, इस्त्री करूनच कापा. लायक्रा असलेलं कापड किंवा विरलेली साडी अजिबात नको. ती ताणते, माप खोटं दाखवते.

उभ्या शिलायांना 1 इंच मार्जिन ठेवा, टाका मशीनवर सगळ्यात लांब ठेवा आणि मार्जिन बाहेरच्या बाजूला येऊ द्या. म्हणजे अंगावर असतानाच टाचण्या लावता येतात आणि उसवायला त्रास होत नाही. प्रत्येक पॅनलवर कमरेची आडवी रेघ आणि उभ्या धाग्याची खूण हवीच.

मशीनच्या सामानाच्या दुकानात रिळावर मिळणारं प्लास्टिक बोन, म्हणजे कॉर्सेट ताठ ठेवणारी पट्टी, या कामाला नापास. रिळाचा बाक त्यात राहतो, कमरेत ते मुडपतं आणि तिथे आडवी घडी पडते. नवखी मुलगी ती घडी पॅटर्नची चूक समजून नसलेली चूक दुरुस्त करत बसते. त्यापेक्षा हार्डवेअरच्या दुकानातला 8-9 मिमी रुंदीचा जाड केबल टाय कितीतरी चांगला. डोकं कापायचं, टोकं गोल करून कानशीनं घासायची आणि वरखाली पाव-पाव इंच कमी लांबीचा तुकडा शिलाईवर कागदी चिकटपट्टीनं बसवायचा.

मागे हूकपट्टी लावू नका. हूक एकाच मापावर बंद होतात, त्यामुळे कुठे कमी, कुठे जास्त ते कळतच नाही. ड्रिल कापडाच्या दुहेरी पट्टीवर एकेक इंचावर आयलेट (नाडी ओवायच्या धातूच्या कड्या) ठोकून घ्या, आयलेटच्या दोन्ही बाजूंना एकेक केबल टाय घाला. ही पट्टी उसवून पुढच्या नमुन्याला पुन्हा लावता येते. हा खर्च एकदाच, आणि पूर्ण वसूल होतो.

आता ट्रायल. नाडी आवळल्यावर मागची फट वरपासून खालपर्यंत सारखी, साधारण 2 इंच हवी. वर जास्त उघडली तर छातीत कापड कमी आहे, खाली उघडली तर नितंबावर. फक्त कमरेत उघडली तर कमर जास्त कापली गेली. उभ्या चुण्या म्हणजे सैल. आडव्या म्हणजे घट्ट, नाहीतर कमरेची रेघ जागेवर नाही. आधी रेघ तपासा. तिरक्या चुण्या जिथे जाऊन मिळतात, तिथे ताण आहे. शेवटी खुर्चीवर बसवून पाहा: खालची कड मांडीला टोचली आणि वरची हनुवटीकडे सरकली तर लांबी कमी करा.

हिशेब नीट समजून घ्या. चिमटीत अर्धा इंच घडी आली म्हणजे घेरातून 1 इंच गेला. कमरेत 2 इंच सैल असेल तर ते एकाच बाजूच्या शिलाईतून काढू नका, ती शिलाई वाकडी होते. चार शिलायांत वाटा: प्रत्येकीत अर्धा इंच, म्हणजे घडी पाव इंचाची. मग नमुना उसवून, इस्त्री करून कागदावर उतरवा आणि शेजारच्या दोन पॅनलच्या शिलाया टेपनं मोजून सारख्या लांबीच्या करा. घेरात एकूण 1 इंचाहून जास्त बदल झाला असेल तर उरलेल्या मांजरपाटाचा दुसरा नमुना शिवा, सॅटिन तोवर घडीतच राहू द्या.